मोठ्याईचे अजब बंगले

जुनी वस्तू दिसली की मोठ्याईला पहिला प्रश्न पडायचा तो ती घासण्याचा. नागपूरच्या अजब बंगल्यात आम्हा पोरांना दर उन्हाळ्यात तीच घेऊन जायची. बाकीचे लोक तिथल्या तलवारी बघून राजे आठवत, मोठ्याई मात्र काचेला नाक लावून म्हणायची, "एवढ्या तलवारी! ह्या घासत कोण असन वं? राजा तं घासत नसन." मग एखाद्या तांब्याच्या भल्यामोठ्या हंड्यासमोर ती थबकायची आणि त्या न दिसणाऱ्या घासणारणीबद्दल मनापासून हळहळायची.

मोठ्याई म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. पुलगावच्या बाजारात त्या भावाचं, म्हणजे मोठेबाबांचं, कापडाचं दुकान होतं, मागच्या गल्लीत आमचं घर. कुठल्याही संग्रहालयाला ती 'अजब बंगला'च म्हणायची. ते नागपुरात असो की आणखी कुठं, सरकारी असो की संस्थानिकाचं, तिला फरक पडत नसे.

तिची एकुलती एक मुलगी कुंदा. पुलगावात दारूगोळ्याच्या डेपोमुळे देशभरातली माणसं नोकरीला येतात. तिथल्याच एका मल्याळी कुटुंबातला राजन कुंदाबरोबर कॉलेजात होता. पुढे दोघांनी लग्न केलं आणि कोचीनला गेले. मोठेबाबांनी एकदाच सांगितलं, "ह्या घरात तिचं नाव काढाचं नाई," आणि पुन्हा कापड मोजायला लागले. बाजारात त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांनीही कुणाला सांगितलं नाही.

कुंदाचे फोन आमच्या घरी यायचे. त्या वेळी मोठ्याई नेमकी विरजण मागायला आलेली असायची. फोनवर ती फार बोलायची नाही. "जेवली का? भात खाऊन खाऊन फुगली नाई ना तू?" एवढंच. मग वाटी तिथंच विसरून निघून जायची. आमच्या घरून तिनं नेलेल्या विरजणापेक्षा आमच्याकडे राहिलेल्या तिच्या वाट्याच जास्त झाल्या.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, एका दिवाळीनंतर दुकानात गिऱ्हाईक कमी झालं, तेव्हा तिनं जेवताना विषय काढला. मी तेव्हा नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते आणि त्या दिवशी पंगतीला होते.

"आयकलं का? मले कोचीनले जाचं हाये."

मोठेबाबांचा घास थांबला. "तिथं काय हाये?"

"अजब बंगले हायेत. लय जुने. जहाजं यायची म्हणते तिथं, साऱ्या दुनियेतून."

"नागपुरात नाई का अजब बंगला?"

"तो पाह्यला ना."

मोठेबाबांनी पानातली चटणी बोटानं इकडून तिकडे केली. सगळ्या घराला कोचीनचा अर्थ ठाऊक होता. "थंडीत जाऊ," ते शेवटी म्हणाले. "इंग्रजी बोलाले हिले घेऊ सोबत." ही म्हणजे मी.

दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत मोठेबाबा पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते आणि मोठ्याई सगळ्या डब्याशी वऱ्हाडीत बोलत होती. समोरच्या बाईला मराठी येत नाही हे तिच्या लक्षात यायला बराच वेळ लागला, आणि लक्षात आल्यावरही काही फरक पडला नाही.

कोचीनला पोचल्यावर आम्ही खरोखरच संग्रहालयं बघितली. सबब सांगितली म्हणून ती निभावायची, असा मोठ्याईचा बाणा. समुद्रकाठची ती अजस्र चिनी जाळी बघून ती म्हणाली, "एवढे माणसं दोर ओढून राह्यले, अन् निघाली मूठभर मासोळी! ह्याहीले कोणी सांगत काऊन नाई?" ज्यू लोकांच्या प्रार्थनामंदिरात जमिनीवर निळ्या नक्षीच्या चिनी फरश्या आहेत. एक फरशी दुसरीसारखी नाही, असं मी वाचून दाखवलं. झालं, सारख्या दोन फरश्या सापडेपर्यंत ती हलेना. शेवटी तिथल्या म्हाताऱ्या रखवालदारालाही तिनं शोधायला लावलं.

मग एक जुनं चर्च. युरोपातून समुद्रमार्गानं प्रथम हिंदुस्थानात आलेल्या त्या पोर्तुगीज दर्यावर्दीला आधी तिथं पुरलं होतं. पुढं त्याची हाडं मायदेशी नेली, हे मी सांगितलं. मोठ्याईनं तोवर हात जोडले होते.

"म्हंजे रिकाम्या जागेच्या पाया पडून राह्यली का मी?"

"हो."

"पडू दे. बरं केलं त्याच्या लोकायनं. आपलं माणूस किती बी दूर गेलं, तरी घरी आणाच पाह्यजे."

मोठेबाबा एकाएकी चर्चचं छत न्याहाळू लागले. त्यांना खोकलाही आला.

कुंदाचं घर तिथून फार लांब नव्हतं. पण तिकडे जाऊ या, असं मोठ्याई म्हणेना आणि मोठेबाबा विचारीनात. मला मात्र तिनं हळूच सांगून ठेवलं होतं, की उद्या डच राजवाड्यात कुंदा येणार आहे. "योगायोगानं," असंही ती म्हणाली.

राजवाड्याच्या भिंतीवर रामायणाची चित्रं आहेत. मोठ्याईनं दारातच चपला काढून हातात घेतल्या. ते राजाचं शेजघर होतं, असं कळल्यावर ती म्हणाली, "राम-सीता चौफेर डोळे वटारून बसले, अन् हा झोपे कसा?" पलीकडच्या दालनात मोठेबाबा एकटेच, राजाच्या अंगरख्याचं कापड काचेआडून पारखत उभे होते.

तेवढ्यात कुंदा आली. दारातच थांबली. तिनं हात धरलेली चारेक वर्षांची पोरगी मात्र हात सोडवून सरळ काचेच्या पेटीकडे धावली. पेटी उंच होती. तिनं टाचा उंचावल्या, उडी मारली, आणि मग शेजारी उभ्या म्हाताऱ्या माणसाचं धोतर ओढलं.

"आबाजी, मले दिसून नाई राह्यलं."

त्या मल्याळी मुलखात, त्या राजवाड्यात, ते 'मले' ऐकून मोठेबाबा असे दचकले, जणू कुणी पाठीमागून हाक मारली. त्यांनी पोरीकडे पाहिलं. मग दारातल्या कुंदाकडे. कुंदा रडत होती. मोठेबाबा खाली वाकले, पोरीला उचललं आणि कडेवर बसवलं.

"हा राजाचा अंगरखा," ते काचेवर बोट टेकवत म्हणाले. "हा राजा म्हंजे लय मोठा कापडाचा व्यापारी होता, समजलं?"

पोरीनं मान हलवली. मग त्यांनी तिला अख्खा राजवाडा दाखवला. पालखी, छत्र्या, तलवारी. सांगितलेलं एकही वाक्य खरं नव्हतं. मी दुरुस्त करायला गेले, तर मोठ्याईनं माझा दंड धरला. "चूप राह्य. मोठी आली मास्तरीण."

संध्याकाळी कुंदाच्या घरी जेवताना मोठेबाबांनी राजनकडे न बघता विचारलं, "अजून किती राह्यले हो इथले अजब बंगले?"

राजन गडबडला. मोठ्याईनं उत्तर दिलं, "लय हायेत. दरसाल याव लागते."

आणि ते दरसाल जात राहिले. पुलगावच्या बाजारात मोठेबाबा सांगायचे, "हिले म्युझियमचा नाद हाये." कुंदाचं नाव घरात आलं, पण उंबऱ्याबाहेर गेलं नाही. लग्नानंतर राजन कधी पुलगावला आला नाही, त्याला कुणी बोलावलंही नाही. मोठ्याईला तेवढं एक सलायचं. "पोट्टीले मिठी मारते, पण जावयाले घरी ये म्हणाले ह्याहीचं तोंड उघडत नाई," ती मला म्हणायची. "उघडन. मी हायेच मागं लागाले."

मागं लागायला ती राहिली नाही. दोन-चार दिवसांच्या तापानं गेली.

तेराव्याला अख्खा कापड बाजार मांडवात बसला होता. कुंदा आत बायकांत होती. राजन सगळ्यात शेवटी, चपला काढलेल्या जागेजवळ बसला होता. इतक्या वर्षांनी बाजारातलं कुणी त्याला ओळखलं नव्हतं. मोठेबाबा उठले. गुडघ्यावर हात ठेवत, माणसांमधून वाट काढत ते मांडवाच्या टोकापर्यंत गेले.

"जावईबापू, इथं काऊन बसले? चला, माह्यापाशी बसा."

साऱ्या मांडवाच्या माना वळल्या. मोठेबाबांनी राजनचा हात धरला आणि जाता जाता एकेका व्यापाऱ्याला थांबून सांगत गेले, "हे आमचे जावई. कोचीनचे."

मोठ्याईकडे बघायला म्हणून मी सवयीनं आतल्या दाराकडे पाहिलं. तिथं पदर खोचून कुंदा उभी होती.