कुत्र्याची सोय

उत्तम पेडणेकर जन्माला आला तोसुद्धा बहुधा कुणाला तरी विचारूनच. परळची खोली विकून मीरा रोडला शांती नगरात यायचं ठरवलं ते त्याच्या थोरल्या भावाने. नोकरी लावली मामाने. लग्न जमवलं आत्याने, आणि नीलम चांगली निघाली हे त्याचं नशीब, त्यात त्याची अक्कल काहीच नाही. नोकरीत तरी काय, साहेबांच्या नावाच्या वर ‘करिता’ लिहायचं आणि खाली सही ठोकायची. असे कितीतरी साहेब आले नि गेले, हा आपला सगळ्यांच्या करिता. स्वतःच्या मनाने त्याने आयुष्यात काही केलं असेल तर ते मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि तेही नीलमने तारीख घेऊन ठेवली होती म्हणून.

आता असा माणूस रिटायर होऊन घरी बसला, तर लोक सोडतात होय? सोसायटीचं सेक्रेटरीपद त्याच्या गळ्यात पडलं. टाकी धुवायची, बोलव पेडणेकरला. लिफ्ट अडकली, बोलव पेडणेकरला. आणि गेल्या महिन्यात कुत्र्याचं प्रकरण निघालं, तेही त्याच्याच गळ्यात.

कुत्रा सोसायटीचा होता. म्हणजे कुणाचाच नव्हता. गेटच्या आत, मीटर रूमच्या पायरीवर पडलेला असायचा. पहिल्या मजल्यावरच्या हेमालीबेन त्याला ‘राजा’ म्हणून ढोकळा घालायच्या. वॉचमन ‘शेरू’ म्हणायचा. पोरांनी कुठल्याशा व्हिडिओत बघून ‘ब्रूनो’ केलं होतं. नीलम त्याला ‘मेल्या’ म्हणायची आणि रोज रात्रीच्या उरलेल्या पोळ्या दुधात कुस्करून घालायची. कुत्रा बिचारा सगळ्या नावांना शेपूट हलवायचा. उत्तमने मात्र त्याला कधी कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती.

एके दिवशी हा कुत्रा डिलिव्हरीवाल्याच्या स्कूटरमागे धावला, डिलिव्हरीवाला पडला, गुडघे फुटले. झाली मीटिंग. इतके दिवस ढोकळा घालणारे, पोळ्या घालणारे सगळे एकदम कुत्र्याला ओळखेनासे झाले. ठराव झाला, ‘कुत्र्याची योग्य ती सोय लावणे.’ कुणीतरी म्हणालं, असं उचलून हलवणं कायद्यात बसत नाही. त्यावर चेअरमन म्हणाले, सोय लावणे म्हणजे हलवणे नव्हे. मग म्हणजे काय, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की रविवारपर्यंत पेडणेकरांकडून झालं तर ठीक, नाहीतर आपला एक माणूस आहे, तो पोत्यात घालून नेतो. कुठे नेतो, ते आपण विचारायचं नाही.

ते पोतं उत्तमच्या डोक्यातून जाईना. जेवताना पोतं, देवपूजा करताना पोतं.

सोय सुचवली ममताने. ममता चेणे गावाच्या पलीकडे, नॅशनल पार्कच्या कुंपणाला लागून असलेल्या पाड्यावरची. गेटबाहेर टोपली घेऊन बसायची, पावसाळ्यात शेवळं, टाकळा अशा रानभाज्या, एरवी वालाच्या शेंगा. “आमच्याकडं आना काका,” ती म्हणाली. “आमचा कुत्रा म्हातारा होऊन मेला. राखनीला पायजेच हाय.” उत्तमला हायसं वाटलं. नीलमला विचारलं. ती म्हणाली, “न्या बाई, पोत्यात जाण्यापेक्षा बरं.” आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने नळ सोडला तो बराच वेळ बंद केला नाही.

तर शनिवारी दुपारी जेवून हे महाशय निघाले. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी कुत्र्याच्या गळ्यात. कुत्र्याला दोरी कधी माहीत नाही आणि पेडणेकरला कुत्रा. कोण कुणाला नेतंय ते गेटपर्यंतच कळेनासं झालं. चार रिक्षावाल्यांनी मान हलवली, पाचवा थांबला आणि म्हणाला, “चाचा, आपका है? काटेगा तो नहीं?”

“मेरा नहीं है,” उत्तम म्हणाला. “सोसायटी का है.”

“फिर सोसायटी को पकड़ के बिठाओ,” रिक्षावाला म्हणाला. आणि तरी त्याने बसवून घेतलं, भला माणूस.

काशीमिरा नाक्यावर ट्रक, धूळ आणि हॉर्न. कुत्रा थरथरत उत्तमच्या चपलांवर येऊन बसला. याला थोपटावं, की नाही थोपटावं? ज्याला सोडायला चाललोय त्याला थोपटायचं म्हणजे लबाडी झाली. नाही थोपटायचं तर तेही बरं नाही. उत्तमने हात अर्धा पुढे केला आणि तसाच गुडघ्यावर ठेवून दिला. घोडबंदर रोडवर चेण्याच्या फाट्याला रिक्षावाल्याने दोघांना उतरवलं आणि तो वळून गेला.

पुढे चालत. आधी गाव, मग भातखाचरं, मग डांबर संपलं आणि दोन वाटा फुटल्या. ममताने सांगितलं होतं, डाव्या हाताला वळा. पण वाटा अशा फुटलेल्या, की दोन्ही डावीकडेच जाताहेत असं वाटावं. फोन काढला, तर नकाशात नुसता हिरवा रंग आणि मध्ये निळा ठिपका. म्हणजे पेडणेकर जंगलात आहेत, एवढं नकाशाला कळलं होतं. बाजूला वनखात्याची पाटी, बिबट्याचा वावर आहे, संध्याकाळनंतर एकट्याने फिरू नये, पाळीव प्राण्यांची काळजी घ्यावी. ती उत्तमने दोनदा वाचली. अरेच्चा, आपण याला पोत्यातून सोडवून भलतीकडेच तर नेत नाही ना? इथे बिबट्याने उचललाच, तर ते चेअरमनच्या माणसापेक्षा चांगलं की वाईट? विचारायचं कुणाला? आजूबाजूला काळं कुत्रं नाही म्हणावं, तर एक पिवळं तेवढं होतं, आणि ते त्याच्याकडेच बघत होतं.

“कुठे जायचं रे?” उत्तमने विचारलं. एवढ्या वर्षांत त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

कुत्र्याने एका वाटेला नाक लावलं, मग दुसऱ्या वाटेला, मग तो खाली बसला. हा आपल्यासारखाच निघाला, उत्तमच्या मनात आलं, आणि त्याला त्या कुत्र्याची कणव आली.

इतक्यात डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन ममताच समोरून आली आणि पुढचा प्रश्न मिटला. पाड्यावर सारवलेलं अंगण, कोंबड्या, एक बांधलेली शेळी. ममताचा सासरा महिपत ओट्यावर बसला होता. वयाने उत्तमच्याच बरोबरीचा, पण सगळ्यांनाच अरे-तुरे करणारा. त्याने कुत्र्याचे दात पाहिले, कान पाहिले, पाठीवरून हात फिरवला. “चांगला हाय,” म्हणाला. “चल, आधी वाघोबाला दाखवू.”

कुत्र्याला वाघ दाखवायचा? उत्तमला काही उमगेना. पण उठून मागे जायची त्याला सवयच होती.

झाडाखाली लाकडाची एक फळी रोवलेली. तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, सगळ्यावर शेंदूर. महिपतने नारळ हातात घेतला. “आमच्या पाड्यात नवा जनावर आला का आधी हितं आनतात. शेळी असो, कुत्रा असो. हा कोनाचा, ते त्याला सांगायचं. मंग तो वळखून ठेवतो, हात लावत न्हाय.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“मंग ते बेवारशी. बेवारशी असंल ते त्याचं.” महिपतने कुंपणापलीकडच्या झाडीकडे हात केला. “हां, सांग. कोनाचा हाय?”

“सोसायटीचा.”

“सोसायटी कोन?”

आता हे कसं समजवायचं? “सोसायटी म्हणजे आम्ही सगळे. चार विंगा आहेत.”

“मंग ते सगले का न्हाय आले?”

प्रश्न सरळ होता.

“त्यापेक्षा तुम्हीच सांगा ना,” तो म्हणाला. “तुमचा म्हणून सांगा. आता तुम्हीच ठेवणार आहात.”

“मी घेतला कुठं अजून? ज्याचा हाय तो देईल, तवा मी घेईन.” महिपत चिडला नव्हता, लहान पोराला समजवावं तसा बोलत होता. “तुझा न्हाय, तं तू देतो कसा? आधी म्हन, माझा हाय. मंग म्हन, याला देला. दोन गोष्टी. नारळ फुटला का झाला.”

अहो, दोन वाक्यं ती काय! ‘करिता’वर जन्म काढलेल्या माणसाला दोन वाक्यं जड जाऊ नयेत. पण उत्तम त्या फळीसमोर नुसताच उभा राहिला. हेमालीबेन डोळ्यांसमोर आल्या, वॉचमन आला, पोळ्या कुस्करणारी नीलम आली. यातलं कुणाचं नाव घ्यावं? उद्या हा रात्री परतला नाही, तर बॅटरी घेऊन यातलं कोण येईल इथवर? एकही चेहरा नजरेसमोर टिकेना. कुत्रा दोरी ताणून त्याच्या पायाशी बसला होता आणि शेंदराच्या वासाने शिंकत होता.

“माझा आहे,” उत्तम म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. मग घाईघाईने, देवाचा घोटाळा नको म्हणून, तो पुढे म्हणाला, “उत्तम गोपाळ पेडणेकर. शांती नगर, मीरा रोड. तिसरा मजला.”

महिपतने मान डोलावली. “हां. आता म्हन, देला.”

उत्तमने दोरी हाताला गुंडाळून घेतली.

“देला म्हन.”

वाक्य जिभेवर आलं, पण बाहेर पडेना. आत्ता कुठे एक गोष्ट आपली म्हटली, ती म्हणून तोंड मिटायच्या आत देऊन टाकायची? का बरं? आणि नाही द्यायची तर घरी कसं न्यायचं, चेअरमनला काय सांगायचं, फर्निचर कुरतडलं तर, मुलगा दिवाळीला आला तर? डोक्यात सगळा गोंधळ, डोळ्यांत पाणी, आणि आपल्याला नक्की काय होतंय ते त्या बापड्याला कळेना. ममता मोळी टेकून बघत उभी होती. महिपत नारळ धरून थांबला तो थांबलाच. या लोकांना कसली घाई नसते.

शेवटी महिपतनेच निकाल लावला. “एकाच गोष्टीचा नारळ फोडतो,” म्हणाला. त्याने दगडावर नारळ फोडला, पाणी शिंपडलं आणि अर्धी वाटी उत्तमच्या हातात दिली. “वाघबारशीला वाघोबाची पूजा असते, तवा ये मात्र. मालकानं याय लागतं.”

“तुमची राखण?” उत्तमने ओशाळून विचारलं.

“बगू दुसरा,” ममता म्हणाली. “उजेड हाय तवर निघा काका.”

फाट्यावर येईपर्यंत फोनला रेंज नव्हती. रेंज आली तसा नीलमचा फोन वाजला.

“अहो, सोडलात?” तिचा आवाज बसलेला होता.

“नाही. घेऊन येतोय.”

“घेऊन? कुठे घेऊन?”

“घरी. आपल्याकडे. वर.”

“अहो पण... कमिटीला विचारलंत?”

“नाही.”

“थोरल्या भाऊजींना?”

“नाही गं.”

“मग विचारलंत तरी कुणाला?”

उत्तमने खरंच आठवून पाहिलं. सकाळपासून भेटलेला एकेक माणूस आठवला. “कुणालाच नाही विचारलं,” तो म्हणाला.

रस्त्यावरून ट्रक गेले. कुत्रा त्याच्या चपलांवर येऊन बसला. या वेळी त्याने हात पुरता खाली नेला.

“येताना दूध आणा,” नीलम म्हणाली. “एक पिशवी जास्त. आपलं असं घरात कधी काही पाळलेलं नाही, मला बाई काही माहीत नाही.”

“मला तरी कुठे माहीत आहे,” उत्तम म्हणाला आणि रिक्षाला हात केला.