साखळीला लावलेलं हळदीकुंकू

खुब्याचं हाड मोडलं तेव्हा डॉक्टरांनी वडिलांना चार महिने खाट सोडू नका म्हणून सांगितलं. त्यांनी खाट सोडली नाही, पण घरात कुणाला सोडलंही नाही. मोसंबीला पाणी दिलं का, फांद्यांना टेकू लावले का, दिवसभर तोंड चालू. मळा वडवणी रस्त्यापासून दोन किलोमीटर आत. तेवढं चालणं आता जमणार नव्हतं आणि मोटारसायकल तोलवणार नव्हती. म्हणून मी एका बंद पडलेल्या पर्यटन केंद्रातून चार जाड टायरांची जुनी एटीव्ही उचलून आणली. गावानं पोटभर हसून घेतलं.

डॉक्टरांची परवानगी मिळाली त्या सकाळी वडील टोपी घालून ओट्यावर बसले. मी आधी एक चक्कर मारली, तर मागून कटकट आवाज आणि गाडी हिसके देतेय. साखळी एका जागी लोंबत होती आणि चाक थोडं फिरवलं की तारेसारखी ताणली जात होती. मी पडलो डिप्लोमावाला. नट सैल करून मागचा दांडा सरकवला, लोंबणारी जागा ताणून घेतली. मग ताणलेली जागा अशी आवळली की चाक फिरेचना. सैल केली, तर साखळी दात सोडून बाहेर. तीन दिवस हेच. वडील रोज सकाळी टोपी घालून बसायचे आणि दुपारी टोपी काढून खाटेवर जायचे. ते मला बघवत नव्हतं.

तिसऱ्या दुपारी ते म्हणाले, "तुझा डिप्लोमा घाल चुलीत. साखळी काढून आण हिकडं."

घमेल्यात डिझेल ओतून त्यांनी एकेक कडी बोटांनी वाकवून बघितली. जपमाळ ओढावी तसं, फक्त नामाच्या जागी मला शिव्या. अकरा कड्या वाकेनात. एका कडीत खिळा घालून त्यांनी लाल चिखल बाहेर काढला.

"हे तर कुंकू हाय!"

आता मला दसरा आठवला. आईनं गाडीची पूजा केली होती. टायरांना बोटबोट आणि साखळीला मूठभर हळदीकुंकू, वर अख्ख्या नारळाचं पाणी. त्यावर मीच ताडपत्री टाकली, ती महिनाभर काढली नव्हती. कड्या गंजून जाम झाल्या होत्या.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "सगळं वढायचं काम तिचंच हाय ना? मग तिला जास्त लावू न्हाई तर काय तुमच्या कपाळाला लावू?"

वडिलांनी मान खाली घालून पुढची कडी घासायला घेतली. चार महिन्यांत पहिल्यांदा, एकही शिवी न देता.

त्यांनी संध्याकाळपर्यंत कड्या घासून मोकळ्या केल्या, तेल सोडलं. सकाळी साखळी चढवून चाक पूर्ण फिरवलं, तर सगळीकडे सारखीच ढिलाई. वडील काठी टेकत ओट्याच्या कडेला आले, काठी माझ्या हातात दिली आणि ओट्यावरून गाडीवर बसले. मी मागं बसणार तेवढ्यात गाडी निघालीसुद्धा.

मी काठी घेऊन पळत मळ्यात पोचलो. वडील बांधावर गाडीवरच बसून होते. जवळचं झाड हातभर लांब होतं, पण काठीशिवाय त्यांना उतरता येत नव्हतं.

"कुठं मेलतास बे?" ते डोळे पुसत म्हणाले. "कवाधरनं नुसतं बघायलोय."

मी काठी पुढं केली. त्यांनी माझा खांदा धरला.