मगदूम सरांचा फॉर्म्युला

ऑफिसातले किस्से दुधावरच्या सायीसारखे असतात. कुणी ढवळलं नाही की जाड होत जातात. आमचं ऑफिस कोल्हापुरातल्या एका दूध संघाचं, त्यामुळं उपमाही दुधाचीच सुचणार. त्यातले हे काही मगदूम सरांच्या फॉर्म्युल्याचे.

*

ज्या सॉफ्टवेअरमधून संघाचे रोजचे आकडे आणि आलेख निघतात, त्यातला मुख्य फॉर्म्युला सरांनी एकट्यानं लिहिलेला. लांबलचक, आणि एकच हिशेब त्यात चार ठिकाणी. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती, म्हणून सरांना रजाही नव्हती. एकदा ते सहकुटुंब गोव्याला निघाले, तर आम्ही त्यांना आंबोलीच्या घाटातून माघारी बोलावलं. त्यानंतर वहिनी बरेच दिवस आमच्याशी बोलत नव्हत्या.

*

मध्यंतरी एक नियम बदलला. सरांनी तीन ठिकाणी दुरुस्ती केली, चौथी जागा राहून गेली. दुसऱ्या दिवशी रिपोर्टात गडमुडशिंगीकडच्या एका केंद्राचं दूध चक्क उणे!

केंद्रावरून फोन आला, "पावणं, आमच्या म्हशी दूध पित्यात व्हय?"

*

मग गारगोटीची सुनीता आमच्यात रुजू झाली. फॉर्म्युला बघून म्हणाली, "सर, व्हेरिएबल घालूया की. हिशेबाच्या एकेका तुकड्याला एकदाच नाव द्यायचं, पुढं नुसतं नाव वापरायचं."

"चाललंय त्याला कशाला हात लावायचा?"

"आमच्या गावात पाटील ढीगभर हायत, सर. देवळामागं राहतोय, भाऊ मिलिट्रीत हाय, असं दर वेळी कोण सांगत बसतंय? बुलेट पाटील म्हटलं की झालं."

ऑफिसात आपलं टोपणनाव काय आहे ते सरांना माहीत होतं. त्यांनी खुर्ची सरकवून तिला जागा करून दिली.

*

उत्साहाच्या भरात मीही एक फॉर्म्युला सोपा केला. नावं दिली एक्स वन, एक्स टू, एक्स थ्री.

सुनीता म्हणाली, "पोरांची नावं बी अशीच ठेवलीसा काय?"

तिनं ती खोडली आणि इंग्रजी अक्षरांत सरळ 'आलेलं दूध', 'परत गेलेलं दूध', 'उरलेलं दूध' अशी लिहिली. फॉर्म्युला प्रथमच मला वाचता आला.

*

सरांचा मुख्य फॉर्म्युलाही असाच नव्यानं लिहायला घेतला. आम्हाला घाई होती. सरांच्या मुलीचं लग्न नेमकं संचालकांना महिन्याचा रिपोर्ट जायच्या दिवशी आलं होतं, आणि सर कागलच्या हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसायच्या तयारीत होते. मुलीच्या अक्षता सोडून बाप आकडे बघणार, हे काही आम्हाला बघवेना. सरांच्या समाधानासाठी जुना आणि नवा फॉर्म्युला शेजारी शेजारी चालवला. रोज आकडे जुळत होते.

सर म्हणाले, "दोन्ही चुकत असतील."

पण लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी लॅपटॉप आपण होऊन सुनीताच्या टेबलावर ठेवला.

*

मंगलाष्टकं चालू झाली होती. सरांनी गर्दीत आम्हाला पाहिलं. सुनीता, मी, झाडून सगळे. त्यांचा चेहराच उतरला. नवरीला तिथंच सोडून वाट काढत आले.

"ऑफिसात कोण हाय?"

"कोण न्हाय," सुनीता म्हणाली.

"आणि रिपोर्ट?"

"सकाळीच गेला की, सर."

सरांचा विश्वास बसेना. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून संघाचे अध्यक्ष उठले आणि हातातला मोबाईल खिशात टाकत म्हणाले, "मगदूम, रिपोर्ट बघितलाय मी. तुम्ही आता पोरीकडं बघा."