पातळ लॅपटॉप आणि बापलेकीचा नाच

लोकांची लग्नं जुळवून एलिसेओ पाल्मारेस पार थकला होता. म्हणजे नवरा-नवरी नव्हे हो, त्यांचा सिनेमा. फिलिपिन्समधल्या त्याच्या इलोइलो शहरात दुपारी चर्चमध्ये लग्न लागतं आणि संध्याकाळच्या जेवणावळीत त्याच लग्नाचा सिनेमा पडद्यावर लागतो. त्याच दिवशी हवा, दुसऱ्या दिवशी त्याला कुत्रंही विचारत नाही. त्याचा जोडीदार बेबोत कॅमेऱ्यानं लग्न टिपून आणायचा आणि एलिसेओ हॉलमागच्या स्वयंपाकघरात कोपरा धरून ते लॅपटॉपवर जोडत बसायचा. बाहेर नवरीच्या मावश्या सिनेमा बघून डोळे पुसायच्या, तेव्हा हा आत डब्यातला गारढोण भात गिळत असायचा. मान आखडली, पाठीचा पार खुळखुळा झाला, तरी तारखा काही थांबेनात.

आणि आता त्याच्याच पोरीचं, क्रिस्टेलचं लग्न ठरलं.

"या खेपेला तरी दुसऱ्या कुणाला द्या की काम," बायको नेनिता म्हणाली.

"माझ्या पोरीचा सिनेमा परक्याच्या हाती? डोकं फिरलंय का तुझं?"

क्रिस्टेलनं वाद घातला नाही. तिनं एवढंच विचारलं, "ताताय, बापलेकीच्या नाचाला तरी बाहेर याल ना?"

"येणार म्हणजे येणारच!"

बापानं शब्द दिला खरा, पण जुना लॅपटॉप असा रडतखडत चालायचा की नाच काय, केकसुद्धा संपला असता. म्हणून नवा, दमदार लॅपटॉप घ्यायचं ठरलं आणि तो बेबोतला घेऊन मॉलमधल्या दुकानात गेला.

दुकानातल्या बाईंनी दोन पुढ्यात ठेवले. एक जाडजूड, चार्जरच विटेएवढा. दुसरा पातळ, एका हातानं उचलावा असा. प्रोसेसर तोच, रॅम तेवढीच, ग्राफिक्सही सारखं. एलिसेओ कच्चा नव्हता. त्यानं एका जुन्या लग्नाचं चित्रण सोबत आणलं होतं, ते दोन्हींवर चालवून बघितलं. दोन्हींनी फटाफट काम संपवलं.

"बघ! हातच्या कंकणाला आरसा कशाला?" तो म्हणाला. "हा पातळच घेतो."

बेबोत त्याला थोरल्या भावाच्या मानानं मानोंग म्हणायचा, पण तोंडाला कुलूप नव्हतं त्याच्या. "मानोंग, इथं एसी आहे. तुम्ही बसता भाताच्या पातेल्यांशेजारी. या काडीपैलवानाला ताप आला की अंग टाकेल तो. जाडा घ्या, त्याच्या पोटात वाऱ्याला जागा आहे."

"आणि उचलणार कोण? तुझा बाप?"

"मी उचलीन की."

"राहू दे. दुखते ती माझी पाठ, तुझी नाही."

खरं सांगायचं तर त्या दिवशी निवड पाठीनंच केली, डोक्याला कुणी विचारलंच नाही.

लग्नाच्या दिवशी स्वयंपाकघरात नुसती वाफ कोंडली होती. भात शिजत होता, रस्से उकळत होते, दारात अख्खं डुक्कर भाजून आणून ठेवलं होतं. एलिसेओनं जोडणी झकास केली. आता लॅपटॉपनं सगळं एकत्र करून सिनेमा बाहेर काढला की झालं. पण काम किती झालं ते दाखवणारी रेघ अर्ध्यावर आली आणि तो जो मंदावला, ती पुढे सरकेचना. पंखा किंचाळायला लागला, खालून हात लावला तर चटका बसला. एलिसेओनं बर्फाची पिशवी त्याच्या खाली सरकवली, परातीनं वारा घातला. छे! परात थांबली तर तो बंदच पडेल, अशी गत.

हॉलमधून पुकारा झाला, "नवरीचे वडील!" पुन्हा एकदा झाला.

बेबोत धावत आला. "मानोंग, पोरगी मधोमध एकटी उभी आहे. वाजवणारे तेच तेच कडवं वाजवतायत."

"पाच मिनिटं!"

"तुमची पाच मिनिटं मला ठाऊक आहेत."

"मग तूच नाच जा तिच्याबरोबर!"

बेबोत बघतच राहिला. "लाज वाटते का थोडी?" एवढं बोलून तो निघून गेला. एलिसेओ परात हलवत राहिला. रडू येत होतं त्याला, पण हात थांबत नव्हता.

मग क्रिस्टेलच आत आली. ओल्या फरशीवरून झगा दोन्ही हातांनी उचलून धरलेला. आचारी बाजूला झाले.

"झालंच बघ, बाळा. एवढीशी रेघ उरलीय."

"ताताय, तो सिनेमा कुणासाठी आहे?"

"तुझ्यासाठीच की गं!"

"मग मला नको. लहानपणापासून मी तुमची पाठच बघत आलेय. शाळेतून आले की पाठ, जेवायला बोलवायला आले की पाठ. आज तरी तोंड दाखवा."

एलिसेओनं त्या रेघेकडे पाहिलं. झाकण मिटलं की सगळं मुसळ केरात, हे त्याला माहीत होतं. त्यानं झाकण मिटलं.

नाचताना त्याची कंबर आखडली, दोनदा तिच्या पायावर पाय पडला. पडदा शेवटपर्यंत काळाच राहिला. नेनिताची थोरली बहीण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "गावभर सिनेमे दाखवले आणि स्वतःच्या पोरीच्या लग्नात हा असा! दिव्याखाली अंधार, दुसरं काय!" बेबोत खुर्चीत लवंडून खो खो हसला. एलिसेओही हसला. मग टेबलाशी बसला. नेनितानं त्याच्या पुढ्यात ताट सरकवलं, त्यानं पहिला घास घेतला आणि त्याची जीभ भाजली.

लग्नातला भात गरम असतो, हे तो विसरूनच गेला होता.