विमानाच्या आड येणारी माणसं

रेवदंड्याच्या एका बाईच्या नवऱ्याला मी कात्रीनं कापून काढला. भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, आणि वर आपण काहीतरी चांगलं केलं अशा समाधानात. नवरा फोटोतला होता हे लगेच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी पोलीस पाटलाकडे जायचं. पण त्या बाईकडे तो तेवढाच उरला होता, फोटोपुरता.

ह्यात मी माझ्या बायकोच्या मामांना गोवणार नव्हतो, पण त्यांना बाजूला ठेवलं तर मी नुसताच वेडा ठरतो. ह्या मामांना उभ्या जन्मात माणूस असा कधी दिसलाच नाही. त्यांना दिसायची ती विमानं. तीही लष्करी, पहिल्या महायुद्धातली, लाकडाच्या काड्यांवर कापड ताणून केलेली, एकावर एक अशा दोन पंखांची, आणि तीसुद्धा फक्त फोटोत. खरं विमान अलिबागवरून घरघरत गेलं की सगळी आळी अंगणात येऊन माना वर करी. मामा तेवढे ओटीवर पान जमवत बसलेले असत. "एकच पंख आहे त्याला," ते म्हणत, "त्यात ओळखायचं काय?" एक पंख गेला तिथं जगाची मजाच संपली, असं त्यांचं ठाम मत होतं.

मामा मिठाच्या खात्यात होते. आयुष्यभर त्यांनी मिठागरांचे बांध तपासले आणि सुट्टीच्या दिवशी विमानांची हाडं. सत्तेचाळीस साली साहेब लोक चंबूगबाळं आवरून निघाले तेव्हा देशाला स्वातंत्र्य मिळालं आणि मामांना साहेबांचे आल्बम. मुंबईच्या जुन्या बाजारात ते रद्दीच्या भावानं पडलेले असत. मामा रेवसहून लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला उतरत, आणि संध्याकाळी मिटलेल्या छत्रीच्या पोटात आल्बम घालून परत येत. मग त्यातली विमानं काढून घ्यायची आणि उरलेला आल्बम, म्हणजे साहेबाचं लग्न, साहेबाचा वाघ, साहेबाची पोरं, मामींच्या स्वाधीन करायची. मामी काही वाया जाऊ देत नसत. त्यांच्या पापडाच्या डब्याला आतून एक मेजर चिकटवलेला होता आणि लोणच्याच्या बरणीवर त्याची बायको.

कुणाच्याही घरी गेले की मामांची नजर आधी भिंतीवर. लग्न असो, बारसं असो, ते खुर्चीवर चढून फ्रेमा तपासत. एकदा चौलला आम्ही दुखवट्याला गेलो होतो. घरची मंडळी डोळे पुसताहेत आणि मामा हळूच विचारताहेत, "काका मेसोपोटेमियात होते का हो कधी?" मामींनी त्यांना कोपरानं असं ढोसलं की ते थेट खालच्या सतरंजीवर आले.

ओळखण्याची त्यांची पद्धत मात्र कडक होती. आधी दोन पंखांमधले उभे दांडे मोजायचे. मग पंख्याची पाती, दोन की चार. मग चाकं, मग शेपटी. घाई नाही, अंदाज नाही. हीच पद्धत ते सगळीकडे लावत. माझं लग्न ठरायचं होतं तेव्हा मुलगा बघायला तेच आले होते. मी चहाचा कप हातात घेऊन उभा, आणि त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारून सासऱ्यांना अहवाल दिला, "उभा सरळ राहतो. शेपटीकडे जरा जड आहे. पण चालेल."

आणि ह्या पद्धतीत माणसांना जागा नव्हती. जुन्या फोटोंत दर विमानापुढे कोणी ना कोणी कमरेवर हात ठेवून उभा असतोच. मामांना त्याचा भयंकर राग. नेमका चाकावर पाय ठेवतो, नेमकी शेपटी झाकतो! म्हणून ते काळ्या कागदाचे तुकडे कापून फोटोतल्या माणसांवर ठेवत आणि मग भिंग उचलत. "माणसं डोळ्यांना ओढून नेतात, जावईबापू. आधी त्यांना झाकायचं, मग विमान बोलायला लागतं."

मामांच्या घरी सुकी मासळी घेऊन रेवदंड्याची पारूआय यायची. साठीला टेकलेली, आवाज असा की आधी आवाज यायचा आणि मग टोपली. एकदा तिनं मामांना भिंग लावून बसलेलं पाहिलं आणि म्हणाली, "सायब, असला इमान माझे घरान बी हाय. पुढं माजा घोव उबा हाय." मामांच्या हातून भिंग पडलं. पुढच्या खेपेला तिनं फ्रेमीतून काढून, लुगड्याच्या पदरात बांधून तो फोटो आणला. तिचा नवरा पहिल्या लढाईत बसऱ्याला खलाशी म्हणून गेला होता. तिथून हा एक फोटो आला, आणि त्यानंतर तो आला नाही.

"फोटू बघ, पण मना येक सांग," ती मामांना म्हणाली. "माजा दीर बोलतो, तुजा घोव तिकडं नुसता सायबाचे इमानापुढं फोटू काढाला उबा रव्हला. काय काम करत व्हता तो? का नुसताच उबा?" हसत म्हणाली, पण उत्तराची वाट बघत ती बराच वेळ रिकामी टोपली घेऊन उभी होती. मामा म्हणाले, "सांगतो. आठ दिवसांनी ये."

मी तेव्हा घरात नव्हतो. माझ्या सगळ्या मूर्खपणांची सुरुवात मी घरात नसताना होते.

दुसऱ्या दिवशी मी मामांकडे गेलो तेव्हा मामा आत घोरत होते आणि ओटीवर फोटोंचा ढीग होता. त्यात हा. पाण्यावर उतरणारं विमान! चाकांच्या जागी दोन लांबट होड्या, खाली नदी, पलीकडे खजुराची झाडं. मामांकडे असलं विमान एकही नव्हतं. मला वाटलं, मुंबईच्या आल्बमांतलाच असणार. आणि त्याच्या पुढे, होडीला अगदी खेटून, एक माणूस. मी मनाशी म्हटलं, बिचारे मामा, दर वेळी कागद ठेवा, कागद उचला. जावयानं मामेसासऱ्यांची एवढी सेवा करू नये? मी मामींची कात्री घेतली आणि त्या माणसाच्या कडेकडेनं इतकं सुबक कापलं की शिंप्यानं पाठ थोपटावी. विमानाला धक्का नाही. फक्त त्याचा एक हात होडीवर होता, तो कापला तर होडी कापली जाणार, म्हणून तो राहू दिला.

मामा उठले. फोटो हातात घेतला. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग भिंग लावून बराच वेळ बघत राहिले आणि त्यांनी आयुष्यातला पहिला प्रश्न माणसाबद्दल विचारला, "हा हात कुणाचा?"

मी अभिमानानं सांगितलं. त्यावर त्यांनी फोटो पारूआयचा असल्याचं सांगितलं आणि माझ्या पायांखालची ओटी सरकली. "उरलेला कुठाय?" मामा ओरडले. उरलेला मी कागदाच्या कपट्यांबरोबर बंबाशेजारी टाकला होता, आणि मामी काडी ओढत होत्या. आम्ही दोघं मोरीत एकाच वेळी शिरलो आणि दारात अडकलो. "अहो, काय झालं?" मामी म्हणाल्या. "विझव!" मामा म्हणाले. "अजून पेटवलाच नाही तर विझवू काय?" ह्या बोलण्यात काडी विझली आणि पारूआयचा नवरा वाचला.

मामांनी खळ करून तो जागच्या जागी बसवला. खांद्यावरून एक बारीक रेघ राहिली, ती राहिलीच. पण जोडताना त्यांना नाइलाजानं त्या माणसाकडे बघावं लागलं, आणि एकदा बघितल्यावर त्यांना थांबता येईना. पद्धत तीच. पाय बघितले, पाण्यात रोवलेले. कपडे बघितले, छातीपर्यंत ओले. खांद्यावरचा दोर बघितला. मग तो हात.

आठ दिवस थांबायचा धीर त्यांना नव्हता. दुसऱ्याच दिवशी आम्ही एस्टीनं रेवदंड्याला गेलो. पारूआयच्या अंगणात बोंबील वाळत होते आणि दीर जाळं सांधत बसला होता. फोटो बघितल्याबरोबर तिला रेघ दिसली. मी पुढे होऊन सगळं सांगितलं. तिनं ती रेघ बोटानं चाचपली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामा तिच्याशेजारी जमिनीवर बसले. "पारूआय, ह्या विमानाला थांबवायला काही नसतं. यंत्र सुरू झालं की ते पाण्यावरून निघालंच. म्हणून गडी छातीभर पाण्यात उतरून त्याला धरून ठेवायचे, पंखा गरगरतोय, वारा अंगावर येतोय, नदी ओढतेय, तरी धरायचं. उडवणारा तयार झाला की सोडायचं. हा बघ दोर. हे ओले कपडे. हा हात, कसा आवळलाय बघ. हा फोटोसाठी उभा नाही. हा विमान धरून उभा आहे."

"नुसता उबा नाय?"

"नाही. ह्यानं सोडल्याशिवाय ते उडत नव्हतं."

तिनं फोटो कपाळाला लावला. मग दिराकडे वळून, सगळ्या कोळीवाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आयकला का रं?" दीर जाळ्यात मान घालून म्हणाला, "आयकला."

फोटो पुन्हा भिंतीवर लागला. मामा त्याच्यासमोर उभे राहिले, आणि ह्या वेळी बघत होते ते विमान नव्हतं. "जावईबापू," ते हळूच म्हणाले, "माझ्याकडच्या प्रत्येक फोटोत असा कोणीतरी असेल हो. आणि मी सगळे झाकून ठेवले."

निघताना पारूआयनं बोंबलांची एक मोठी जुडी बांधून दिली. मी पाप फेडावं म्हणून ओझं घ्यायला दोन्ही हात पुढे केले. तिनं माझ्या हातांकडे बघितलं, जुडी उचलली आणि मामांच्या काखेत कोंबली.

"सायब, तुमीच धरा," ती म्हणाली. "याचे हातान द्याल तर घरी जाईपरतूर येकाला बी मुंडी रव्हाची नाय."