दारावरची कोरी पाटी

दुपारचं जेवण झालंय, पंखा सावकाश फिरतोय, आणि मांडीवरच्या टॅबलेटमध्ये मी एका रिकाम्या शाळेच्या व्हरांड्यातून चालतेय. डोळे मिटायला लागतात. मी ते मिटू देते, पण पावलांचा आवाज काही थांबत नाही. फरशीवर चपलांचा एकसारखा आवाज. कुणाचा म्हणून खाली बघते, तर चपला माझ्याच. टॅबलेट कॉटवर राहिलाय आणि मी आत आलेय.

आत म्हणजे ऋजुताच्या खेळात. ऋजुता आवटी मिरजेच्या शाळेत मी शिकवायचे त्या वर्गात होती. मोठी होऊन ती कॉम्प्युटरवरचे खेळ तयार करायला लागली, आणि हा खेळ जवळपास पुरा करून गेल्या दिवाळीच्या तोंडावर डेंग्यूनं गेली. राहिलेलं काम तिच्याच वर्गातला नौशाद मुजावर करतोय. खेळातले आवाज पहिल्यापासून त्याचेच. उद्या खेळ सगळ्यांसाठी खुला होणार आहे, आणि एकच गोष्ट अडलीये. खेळातून बाहेर पडायला एक दार आहे, त्या दारावर पाटी आहे, आणि पाटी कोरी आहे. "त्यावरचा शब्द बाई देतील," असं ऋजुता नौशादला म्हणाली होती. मला विचारायचं मात्र तिचं राहून गेलं. नौशादनं टॅबलेटवर दिलेल्या खेळात पाटीवर बोट ठेवलं की लिहिता येतं. मी रोज लिहिते आणि रोज पुसते.

"संध्याकाळपर्यंत सुचलं नाही, तर इंग्रजीत 'एक्झिट' टाकतो, बाई," असं तो आज सकाळी म्हणाला, आणि म्हणताना त्याचाच आवाज पडला.

"कुठे निघालात, बाई?"

ऋजुता कठड्यावर बसलीये. केस बारीक कापलेले, चष्मा नाकावर घसरलेला, पाय बाहेरच्या बाजूला सोडलेले.

"अगं, तिथे बसू नकोस. पडशील."

"आता काय पडणार, बाई?"

ती मनापासून हसते आणि उडी मारून माझ्या शेजारून चालायला लागते.

मे महिन्यातली शाळा आहे ही. बाकांवर बाक उलटे रचलेत, फळ्यावरची तारीख अर्धी पुसलीये, आणि उन्हाचे चौकोन वर्गात कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखे पडलेत. मी अशा सुट्टीतल्या शाळेत कितीदा तरी गेलेय. जागा आपल्या ओळखीची असते, पण ती आपल्याला ओळखत नाहीये असं वाटत राहतं. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. हिनं ते जसंच्या तसं मांडून ठेवलंय.

"भीती वाटते का?" ती विचारते.

"वाटते थोडी. पण पळून जावंसं नाही वाटत."

"बास. मला तेवढंच जमवायचं होतं."

व्हरांड्याच्या टोकाला पाण्याची टाकी असायला हवी. तिथे पोहण्याचा तलाव आहे, कोरडा, निळ्या फरश्यांचा. आम्ही त्याच्या पायऱ्या उतरतो. मी मध्येच थांबते, आणि माझ्याबरोबर सगळंच थांबतं. या खेळात कुणी मागे लागत नाही. गुण नाहीत, हरणं नाही. उभं राहिलं की खेळही उभा राहतो, आणि बराच वेळ तसंच राहिलं तर कुठूनतरी लांबून नळाचा थेंब ऐकू येतो. घाई करणाऱ्याला तो थेंब कधीच मिळत नाही. मुलाला प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत आपण गप्प राहावं, हे शिकायला माझी अर्धी नोकरी गेली. हिनं ते यंत्राकडून करून घेतलं.

"कुठे शिकलीस गं हे?"

"तुम्ही पाढे विचारून खिडकीबाहेर बघत बसायचात ना, तिथे."

"मी खिडकीबाहेर बघायचे, कारण तुम्हा लोकांची तोंडं बघून मला हसू यायचं."

"माहितीये. नौशाद तर मुद्दाम तसं तोंड करायचा."

तलावाचा तळ आता लाल गालिचा झालाय. लग्न उरकलेलं मंगल कार्यालय. खुर्च्या एकावर एक रचलेल्या, थर्माकोलच्या अक्षरांतलं एक गळून पडलेलं, कोपऱ्यात एकच ट्यूबलाइट गुणगुणतेय. आणि समोर ते दार.

"बोला, बाई."

"'बाहेर जाण्याचा मार्ग'?"

"हे काय मिरज जंक्शन आहे?"

"बरं. 'बाहेर पडा'."

ट्यूबलाइट फडफडून विझते. "बघा, रागावलं," ऋजुता म्हणते. "हाकलून दिल्यासारखं वाटतं ते."

"'समाप्त'?"

"ते नको." ती हे फार हळू म्हणते.

"मग 'येते'. घरातून निघताना 'जाते' थोडंच म्हणतो आपण?"

अंधारात तिचा चेहरा मला दिसत नाही, पण ती जवळ सरकल्याचं कळतं. "हां. पण खेळात चालणारं माणूस बाई की बुवा, ते मी ठरवलेलंच नाही. नुसती पावलं ठेवलीत. 'येते' लिहिलं तर नौशाद रुसेल."

"आणि 'येतो' लिहिलं तर मी."

आम्ही दोघी हसतो. तेवढ्यात कुठेतरी बेल वाजते.

"नौशाद आला," ती म्हणते. "निघायला हवं तुम्हाला."

"एवढ्यात? आत्ता तर भेटलीस." मी रचलेल्या खुर्च्यांतली एक ओढून बसते. मला खरंच जायचं नाहीये. ही रिकामी जागा, हा गारवा, शेजारी ती. "मी बसते इथे. चालेल ना?"

"बसा हवं तर. पण पाटी तिकडे कोरी राहील आणि नौशाद 'एक्झिट' टाकेल, बाई. उद्या जो कुणी आत येईल, त्याला मी हाकलून द्यायचं का?"

बेल पुन्हा वाजते. मी उठते. पदर सारखा करते, खांद्याला नसलेली पर्स चाचपते, आणि कुणाच्याही घरातून निघताना थांबते तशी चौकटीवर हात ठेवून थांबते.

"बरं, येऊ का गं?"

ट्यूबलाइट लागते. ऋजुतानं दोन्ही हात तोंडावर ठेवलेत.

"काय झालं?"

"परत म्हणा, बाई."

"येऊ का?" आणि मग माझ्याही लक्षात येतं. यात बाई नाही, बुवा नाही. "अगं, पण याला उत्तर लागतं."

"ते आतल्या माणसानं द्यायचं असतं," ती म्हणते. थोडा वेळ ती गालिच्याकडे बघत राहते. मग चष्मा वर सारते.

"या, बाई."

पंखा फिरतोय. टॅबलेट मांडीवर आहे. पाटी कोरी नाही. तिच्यावर लिहिलंय, 'येउ का?'

झोपेत माझंच बोट फिरलं असणार, असं मी स्वतःला सांगते आणि चष्मा लावून पुन्हा बघते. उ ऱ्हस्व आहे. मी झोपेतही असा उ लिहायची नाही. चौथीचं सबंध वर्ष मी ऋजुताच्या वहीत याच उ भोवती लाल गोल काढायचे, आणि ती दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा लिहून आणायची.

मी दार उघडते. नौशाद चपला काढून आत येतो, टॅबलेट हातात घेतो आणि उभ्याउभ्या वाचतो. मग खाली बसतो.

"हा तुमचा उ नाही, बाई."

"नाही."

तो त्या उ च्या जरा वर बोट धरून थांबतो. मी खिडकीबाहेर बघते.

"दीर्घ करू?" शेवटी तो विचारतो.

"नको," मी म्हणते. "तसाच पाठव."