लाल दोऱ्याचं पातेलं

गोंदियात मे महिन्यात हवा खायला कोणी येत नाही. येतो तो लग्नाला येतो, आणि पंगत उठली की पळतो. म्हणून मी जिथं कामाला होते त्या आजी जेव्हा म्हणाल्या, "आम्ही दर उन्हाळ्यात महिनाभर पचमढीला जातो, यंदा येशील का स्वयंपाकाला?" तेव्हा मला आधी हसूच आलं. गोंदियाला लागून असलेल्या आमच्या मुर्रीत उन्हाळा म्हणजे खिडकीला ओलं पोतं बांधायचं आणि ऊन उतरायची वाट पाहायची. थंडाव्यासाठी गाडीत बसून दुसऱ्या गावाला जायचं, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आजी काही श्रीमंत नव्हत्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते, ते वारले आणि या गोंदियातच राहिल्या. मी त्यांच्याकडे झाडू-फरशी आणि कपड्यांना लागले होते. स्वयंपाकघर मात्र त्यांचं त्याच पाहत. "आम्ही ज्यू," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला जू एकच माहीत, बैलाच्या मानेवरचं. घरी नवऱ्याला विचारलं तर तो म्हणे, "शनवारी काम नाही करत ना? मंग शनवार-तेली म्हणतेत थे तेली असतीन कोणते तरी." एवढं आमचं ज्ञान.

निघायच्या आदल्या दिवशी भांड्यांच्या दोन पेट्या भरल्या. एकीतल्या प्रत्येक भांड्याच्या कडीला लाल दोरा, दुसरीतल्याला निळा. आजी म्हणाल्या, "ही वेगळी, ती वेगळी. मिसळायची नाहीत हं अजिबात."

माझे कान तापले. माझी माय ज्या वाड्यावाल्यांच्या शेतात निंदणाला जायची, त्यांच्या घरी तिचा चहाचा कप गोठ्याच्या वळचणीला उलटा ठेवलेला असायचा. स्वतः काढायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, धुवायचा, परत तिथंच ठेवायचा. बुद्धविहारात आम्ही सगळे एका पंगतीत जेवणारे लोक, पण तो कप माय विसरली नाही. तिनं मला बजावलं होतं, "काम कोणतंबी कर, पण वेगळं भांडं दिसलं त त्या घरात पाय नोको ठेवू."

मग मी गेले कायले? खरं सांगते, आजी मला आवडायला लागल्या होत्या. माझ्या लेकीच्या तापात तिच्या उशाशी बसून होत्या त्या. हीच बाई आपला विटाळ मानत असेल तर? तेवढं मला कळायला पाहिजे होतं. न विचारता मनातल्या मनात भांडत मी छोट्या लाईनच्या गाडीत बसले. बालाघाट, नैनपूर, जबलपूर, पुढं पिपरिया आणि मग घाटाची बस. आजींनी रस्ताभर मला संत्रं सोलून दिलं. मी घेतलं, पण तोंड फुगवूनच.

पचमढीच्या भाड्याच्या बंगल्यावर पोचलो तेव्हा तिथं आधीच आलेली आजींची ज्यू मंडळी झोपली होती. सकाळी उठून पाहते तर अंगावर शाल घ्यावी अशी हवा. मे महिन्यात! आजी फिरायला निघाल्या. जाता जाता म्हणाल्या, "तू तुझा चहा करून घे. निळ्या दोऱ्याच्या भांड्यात कर हं. लालला हात लावू नकोस."

बस्स. डोकं फिरलं माझं. लाल दोऱ्याचं सगळ्यात मोठं पातेलं काढलं, सगळं दूध त्यात ओतलं आणि चांगला घट्ट चहा केला. मग पातेलं घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

आजी फाटकातून आत आल्या आणि थबकल्या. "अगं बाई! लाल पातेल्यात दूध?"

"हो, लावला मी हात! आता काय करता? फेकता का गोमूत्र शिंपडता?"

"गोमूत्र? ते कशाला?" आजी खरोखरच गोंधळल्या.

"मंग बोला ना सरळ! माह्या हातानं बाटलं म्हणा ना! कायले दोरे बांधता?"

 आजी हळूच पायरीवर टेकल्या. गुडघे दुखायचे त्यांचे. "तुझ्या हातानं? अगं वेडे, दुधानं बाटलं ते! मटणाचं पातेलं आहे. आमच्यात मटण आणि दूध एका भांड्यात चालत नाही. मी ओतलं असतं तरी बाटलंच असतं. माझ्या आईनं ओतलं असतं तरी."

"म्हणजे निळं माहं नाही?"

"निळं दुधाचं आहे. सगळ्यांच्या चहाचं."

मला लाज तर वाटलीच, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. आजी म्हणाल्या, "हा चहा आता मला पिता यायचा नाही. दूध आणवते, निळ्यात पुन्हा कर." केला. मी ग्लासातून घोट घेऊन साखर पाहत होते, तर तोच ग्लास त्यांनी माझ्या हातातून घेतला, प्यायल्या आणि म्हणाल्या, "कमी आहे गं, अजून टाक." मी टाकली.

त्या दिवशी शुक्रवार होता. नागपूर, जबलपूर, भुसावळची पाच-सहा घरं एकाच बंगल्यात उतरलेली. शनिवारी चूल पेटवायची नाही म्हणून दोन दिवसांचा स्वयंपाक दुपारपर्यंत उरकायचा. लाल पातेलं बाद झालं, मटण कुकरमध्ये तीन खेपांत केलं. कोणी मला बोल लावला नाही. व्हरांड्यात बाया रमी खेळत होत्या आणि रमीच्या आडून कोणाची पोरगी कोणाला द्यायची ते ठरवत होत्या. अगदी आपल्यासारखंच. संध्याकाळी आजींनी दिवे लावले, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली आणि मला हाताला धरून टेबलाशी बसवलं. मिठाला लावलेला भाकरीचा तुकडा फिरत फिरत माझ्याही हातात आला.

जेवताना आजींचा अमेरिकेतून आलेला भाऊ सांगत होता. न्यूयॉर्कच्या उत्तरेला डोंगर आहेत, तिथं एकेकाळी ज्यूंची हॉटेलंच हॉटेलं होती. उन्हाळाभर बायका-पोरं तिथं राहायची, नवरे सुटीच्या दिवशी शहरातून यायचे. खाणं, गाणी, नाटकं, लग्नं जमवणं, सगळं तिथंच. "काऊन पन? एवढी हॉटेलं काऊन बांधली?" मी विचारलं.

"दुसऱ्यांच्या हॉटेलात आम्हाला घेत नव्हते. 'ज्यूंना मज्जाव' अशा पाट्या असायच्या."

"तुमाले? एवढ्या गोऱ्या लोकायले?" मी एवढ्या मोठ्यानं म्हटलं की सगळे हसले. तोही हसला. "आता ती ओस पडली," तो म्हणाला. "कुठंही जाता येतं ना आता, मग तिकडे कोण जाणार?"

"चांगलंच झालं मंग," मी म्हटलं. आजींनी माझ्या ताटात मटणाची अजून एक फोड वाढली.

रविवारी पातेलं शुद्ध करायचं ठरलं. भुसावळच्या काकू पदर खोचून उठल्या. आजी म्हणाल्या, "तुम्ही बसा. ही करेल." पातेलं मी राखेनं घासून लख्ख केलं, काठोकाठ पाणी भरून उकळत ठेवलं. शेजारच्या चुलीत एक दगड तापवला होता. तो चिमट्यानं उचलून आजींनी सांगितलं तसा मी पाण्यात सोडला. चर्र आवाज झाला आणि उकळतं पाणी चारी बाजूंनी काठावरून वाहिलं. वर थंड पाणी ओतलं.

"झालं शुद्ध," आजी म्हणाल्या.

"माह्या हातानं झालेलं चालते?"

"पाणी काठावरून वाहिलं ना? मग झालं. हात कोणाचा, ते कुठं लिहिलंय?"

माझ्या हातानं बाटलं म्हणणारी माणसं आमच्याकडे गल्लोगल्ली होती. माझ्या हातानं शुद्ध झालं, असं म्हणणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. मी तिथंच चुलीपुढं बसून रडले, भोकाड पसरून, आणि काकू म्हणत राहिल्या, "अगं, भाजलं का कुठं? भाजलं का?"